कोणत्या पदार्थासाठी, किती उष्णतेला, किती दिवस?

आमच्या लहानशा अन्नप्रक्रिया उद्योगात पॅकिंगची जबाबदारी माझ्याकडे आली, त्याला आता नऊ वर्षे होत आली. सुरुवातीची दोन वर्षे मी पाऊचच्या फिल्मकडे जाडी, छपाई आणि सील नीट बसते की नाही, एवढ्याच दृष्टीने पाहत होते. प्रत्येक रोलवर ‘फूड ग्रेड’ असा शिक्का असे, पुरवठादाराच्या बिलावरही तेच दोन शब्द छापलेले असत, आणि त्यापुढे आणखी काही विचारायचे असते हे मला ठाऊक नव्हते. तिसऱ्या वर्षी भाजून खारवलेल्या दाण्यांच्या पाकिटांबद्दल एका ग्राहकाची तक्रार आली की, पाकीट फोडताच ऑइलपेंटसारखा वास येतो आणि दाणे खाल्ल्यावर तो घशात रेंगाळतो. आठवडाभरात आणखी पाच तक्रारी आल्या आणि त्या सगळ्या एकाच खेपेतल्या पाकिटांच्या होत्या.

प्रत्येक खेपेतली काही पाकिटे आम्ही नमुना म्हणून राखून ठेवतो. त्यांतले एक मी स्वतः कापले. आधी भाजलेल्या दाण्यांचाच वास आला आणि क्षणभर बरे वाटले. पण दाणे बशीत ओतून रिकामे पाकीट नाकाशी धरल्यावर मात्र शंका उरली नाही. गोडसर आणि नाकाला झोंबणारा तो वास नव्या रंगवलेल्या दारासारखा होता. बशीतले दाणे दोन तास उघड्यावर ठेवले, तरी त्यांच्यातला वास गेला नाही, कारण दाण्यांच्या तेलाने तो धरून ठेवला होता. त्याच दिवशी भाजलेले आणि काचेच्या बरणीत राखलेले दाणे मात्र अगदी निर्मळ होते. भट्टी, तेल आणि मीठ यांच्यावरचा संशय तिथेच फिटला. आम्ही ती सगळी खेप बाजारातून परत मागवली आणि उरलेले रोल वेगळे काढून त्यांवर ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावली. त्यानंतर, जिथे ते लॅमिनेट, म्हणजे थर एकावर एक चिकटवून केलेली ती फिल्म, तयार झाले होते तो कारखाना पाहण्याची परवानगी मी मागितली.

तिथले लॅमिनेशन विभागाचे प्रमुख वयाने ज्येष्ठ आणि मनाने सरळ होते. त्यांनी माझ्यासमोर आमच्या फिल्मचा एक तुकडा फाडून त्याचे थर दाखवले. बाहेर १२ मायक्रॉनची पॉलिएस्टर फिल्म होती आणि छपाई तिच्या आतल्या अंगाला होती. त्याखाली चिकटद्रव्याचा अगदी पातळ थर आणि सर्वांत आत, दाण्यांना लागणारी, ५० मायक्रॉनची पॉलिथिनची फिल्म. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, म्हणजे आमचे सगळे पाकीट जाडीने साधारण केसाएवढे होते. छपाईची शाई आणि चिकटद्रव्य दोन्ही पातळ करण्यासाठी इथाइल ॲसिटेट, टोल्युइन यांसारखे सॉल्व्हंट वापरतात. छापून झालेली फिल्म गरम हवेच्या बोगद्यातून जाते आणि तिथे ते उडून जाणे अपेक्षित असते. यंत्र वेगाने चालवले, शाईचा थर जाड असला किंवा बोगद्यातली हवा कमी पडली, तर थोडे सॉल्व्हंट मागे राहते आणि लगेच वरून दुसरी फिल्म चिकटवल्यामुळे आत कोंडले जाते.

“ताई, पॉलिएस्टर त्याला बाहेर जाऊ देत नाही आणि पॉलिथिन अडवत नाही,” ते म्हणाले. “मग त्याने जायचे कुठे? तुमच्या दाण्यांकडेच ना?”

हे वाक्य मी त्यानंतर किती जणांना सांगितले असेल याची गणती नाही. पॉलिथिन पाण्याची वाफ चांगली अडवते, म्हणून त्याच्या आत काहीही सुरक्षित असते असा माझा समज होता. प्रत्यक्षात प्राणवायू, सुगंध, सॉल्व्हंटची वाफ आणि तेलकट स्वभावाची बरीच रसायने यांना ते सहज वाट देते. त्यातच पदार्थ तेलकट असला, तर तेल पॉलिथिनमध्ये थोडे शिरते, त्याला सैल करते आणि थरांतून येणारी द्रव्ये अधिक वेगाने ओढून घेते. त्यामुळे तीच फिल्म एखाद्या दुसऱ्या कोरड्या मालाला कदाचित निभावून गेली असती, आमच्या दाण्यांना मात्र ती मुळीच चालणारी नव्हती. पुढे त्या रोलचा तुकडा गॅस क्रोमॅटोग्राफीने तपासला, तेव्हा उरलेल्या सॉल्व्हंटचे प्रमाण दर चौरस मीटरला २० मिलिग्रॅमच्या वर निघाले. आता आमच्या खरेदीच्या अटींत ही मर्यादा ५ मिलिग्रॅम आहे, टोल्युइन अजिबात नसलेली शाई वापरण्याची अट आहे, आणि प्रत्येक खेपेबरोबर त्या चाचणीचा कागद आल्याखेरीज रोल गोदामात उतरवून घेतला जात नाही.

तिथेच मला दुसरी एक गोष्ट कळली आणि तिने मी वासापेक्षा जास्त अस्वस्थ झाले. थर जोडायला वापरतात ते चिकटद्रव्य बहुधा दोन भागांचे पॉलियुरेथेन असते. त्याच्या एका भागात आयसोसायनेट असते आणि ते दुसऱ्या भागाशी पूर्णपणे जोडले जायला वेळ लागतो. या काळाला त्या धंद्यात क्युअरिंग म्हणतात आणि त्यासाठी रोल उबदार खोलीत ठेवतात. चिकटद्रव्य, तापमान आणि थरांची रचना यांप्रमाणे हा काळ एक-दोन दिवसांपासून आठवडा किंवा त्याहून अधिकही असू शकतो. तो पुरा होण्याआधी पाकिटात पाणीदार पदार्थ भरला, तर न जोडलेल्या ॲरोमॅटिक वर्गातल्या आयसोसायनेटची पाण्याशी क्रिया होऊन ॲरोमॅटिक अमाइन नावाची द्रव्ये तयार होतात आणि ती पदार्थात उतरतात. त्यांपैकी काही कर्करोगकारक असल्याचा संशय आहे. युरोपीय संघाच्या नियमांत या गटातल्या यादीबाहेरच्या अमाइनची एकूण मर्यादा पदार्थाच्या किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे आणि यादीत नावानिशी दिलेल्या अधिक घातक अमाइनसाठी २०२० साली केलेल्या दुरुस्तीने ती प्रत्येकी ०.००२ मिलिग्रॅमपर्यंत खाली आणली आहे. सॉल्व्हंटचा निदान वास तरी येतो. या अमाइनना नाक ओळखू शकत नाही.

आमचा रोल कधी लॅमिनेट झाला आणि कधी निघाला, हे मी त्यांना विचारले. त्यांनी नोंदवही उघडून दाखवली. सकाळी लॅमिनेट झालेला रोल त्याच संध्याकाळी कापून आमच्याकडे रवाना झाला होता. त्याच पानावर खाली आमच्या कार्यालयातून गेलेल्या तीन फोनची नोंद होती, “माल आजच हवा” अशी. ती घाई आमची होती. लॅमिनेट करणाऱ्याने नकार द्यायला हवा होता हे खरे, पण क्युअरिंग म्हणजे काय हे आम्हाला ठाऊक असते, तर आम्ही ते फोन केलेच नसते. तेव्हापासून लॅमिनेट झाल्याची तारीख आणि क्युअरिंग खोलीतून बाहेर काढल्याची तारीख, या दोन्ही आम्ही रोलच्या लेबलवर मागतो.

छापलेल्या फिल्मबाबत आणखी एक धोका आहे, तो रोलच्या गुंडाळीतच असतो. रोल गुंडाळला की एका वेढ्याची बाहेरची बाजू पुढच्या वेढ्याच्या आतल्या बाजूला घट्ट दाबून बसते. छपाई थरांच्या मध्ये असेल तर प्रश्न कमी. पण ती बाहेरच्या पृष्ठभागावर असेल, तर शाईतले द्रव्य उलटून अन्नाला लागणाऱ्या बाजूवर उतरू शकते, आणि ते डोळ्यांना दिसेलच असे नाही. २००५ साली इटलीत बाळांच्या दुधात आयटीएक्स हे शाईतले द्रव्य सापडले होते. ते दूध बहुस्तरीय कागदी डब्यांत भरलेले होते, तरी द्रव्य पोहोचण्याची वाट हीच होती: डब्याच्या बाहेरची छपाई आणि गुंडाळलेला रोल. हे समजल्यावर, बाहेरून छापलेली एक स्वस्त फिल्म आम्ही घेण्याच्या बेतात होतो, तो विचार सोडून दिला.

कारखान्यातून परतल्यावर मी आमच्याकडची सगळी कागदपत्रे टेबलावर पसरून बसले. ‘फूड ग्रेड’ हे शब्द बारा कागदांवर होते. एकाही कागदावर कोणता पदार्थ, किती तापमान आणि किती दिवस, हे लिहिलेले नव्हते. त्रिकोणातला आकडा मात्र होता आणि आमच्यातले अनेक जण त्यालाच सुरक्षिततेची खूण समजत होते. ती खूण १९८८ साली अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेने, वस्तू कोणत्या प्लॅस्टिकची आहे हे वर्गवारी करताना ओळखता यावे म्हणून आणली. १ म्हणजे पॉलिएस्टर, ४ म्हणजे कमी घनतेचे पॉलिथिन, ५ म्हणजे पॉलिप्रोपिलीन. आणि अनेक थरांच्या फिल्म बहुधा ७ मध्ये, म्हणजे ‘इतर’ या सदरात जातात. ती वस्तू अन्नासाठी योग्य आहे की नाही, याविषयी तो आकडा काहीच सांगत नाही.

मग मी पुरवठादाराकडे अनुपालनाचे लेखी घोषणापत्र मागितले. पहिल्या दोन वेळा तोच जुना मजकूर नव्या तारखेसह आला. तिसऱ्या वेळी मी आमची माहिती आधी लिहून पाठवली: पदार्थ तेलकट, पृष्ठभागावर मीठ, भरताना तापमान ३० अंश, साठवण सामान्य तापमानाला सहा महिने, पाकिटाचे माप अमुक, आत बसणारे वजन अमुक. या माहितीसाठी ही फिल्म योग्य आहे असे लिहून द्या, एवढेच मागितले. उत्तर यायला तीन आठवडे लागले, आणि उत्तरात त्यांनी प्रामाणिकपणे कळवले की, ही रचना कोरड्या आणि तेल नसलेल्या पदार्थांसाठी तपासलेली आहे. त्या एका ओळीने आमची दोन वर्षांची समजूत मोडीत काढली. फिल्म खोटी नव्हती आणि शिक्काही खोटा नव्हता. आम्ही तिच्यात जे भरत होतो त्यासाठी ती कोणी तपासलेलीच नव्हती.

नवी रचना ठरवताना आम्ही मध्ये मेटलाइज्ड पॉलिएस्टरचा थर घेतला. दाणे खवट होण्याचे मुख्य कारण प्राणवायू आणि प्रकाश. साध्या १२ मायक्रॉन पॉलिएस्टरमधून एका चौरस मीटरला दिवसाकाठी शंभराच्या आसपास घन सेंटिमीटर प्राणवायू आत येतो. त्यावर ॲल्युमिनियमचा सूक्ष्म मुलामा दिला की तो एक-दोनवर येतो. शिवाय हा मुलामा छपाई आणि पदार्थ यांच्यामध्ये आडोसा होऊन बसतो. मात्र पाकीट वारंवार चुरगळले तर त्याला बारीक भेगा पडतात, म्हणून खोक्यात पाकिटे कोंबून भरणे आम्ही बंद केले. आतला थर पॉलिथिनचाच ठेवला, पण तो नव्या, पुनर्वापर न केलेल्या प्लॅस्टिकच्या दाण्यांपासून बनवलेला असावा ही अट घातली. जुने प्लॅस्टिक पुन्हा वापरात यावे असे मलाही मनापासून वाटते. तरी गोळा केलेल्या पिशव्यांत पूर्वी काय भरले होते, हे कोणालाच माहीत नसते, आणि अन्नासाठी खास मान्यता मिळालेल्या प्रक्रियेतून आलेले नसेल तर असे पॉलिथिन खाण्याला लागू देणे योग्य नाही.

त्यानंतर मायग्रेशनची चाचणी. फिल्ममधून पदार्थात किती द्रव्य उतरते ते यात मोजतात, पण खऱ्या पदार्थात ते मोजणे अवघड असते, म्हणून पदार्थाच्या जागी त्याच्या स्वभावाचे द्रव घेतात. पाणीदार पदार्थासाठी १० टक्के इथेनॉल, आंबट पदार्थासाठी ३ टक्के ॲसिटिक आम्ल, तेलकट पदार्थासाठी खाद्यतेल, आणि कोरड्या पदार्थासाठी एक सच्छिद्र पॉलिमरची पूड. सामान्य तापमानाला दीर्घकाळ टिकवायच्या मालासाठी फिल्म त्या द्रवाच्या संपर्कात ४० अंश सेल्सिअसला १० दिवस ठेवतात. एकूण उतरलेले द्रव्य फिल्मच्या दर चौरस डेसिमीटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, अशी मर्यादा युरोपीय संघाच्या २०११ च्या १० क्रमांकाच्या नियमात आहे. आमच्या जुन्या फिल्मचा आकडा खाद्यतेलात मर्यादेच्या आतच, पण तिच्या अगदी काठावर आला. नव्या फिल्मचा त्याच्या निम्म्याहून कमी आला. प्रयोगशाळेतल्या बाईंनी मला एक गोष्ट आवर्जून सांगितली की, एकूण मायग्रेशन मर्यादेत आहे याचा अर्थ उतरलेले प्रत्येक द्रव्य निरुपद्रवी आहे असा होत नाही. अमाइनसारख्या द्रव्यांची चाचणी नाव घेऊन वेगळी मागावी लागते. आम्ही ती मागितली आणि नव्या फिल्ममध्ये काही आढळले नाही.

त्यांच्याकडेच मी एक साधे गणित शिकले. नियमांत बहुधा असे धरलेले असते की एक किलो पदार्थाला ६ चौरस डेसिमीटर प्लॅस्टिक लागते. आम्ही १० ग्रॅम मसाला-मिठाची एक पुडी दाण्यांसोबत द्यायचा विचार करत होतो. तिचे माप ८ सेंटिमीटर गुणिले ६ सेंटिमीटर होते. दोन्ही बाजू मिळून ९६ चौरस सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ १ चौरस डेसिमीटर. अशा शंभर पुड्यांचे मिळून एक किलो होते, म्हणजे त्या एका किलोला सुमारे ९६ चौरस डेसिमीटर फिल्म लागते, गृहीत धरलेल्या क्षेत्रफळाच्या सोळा पट. पाकीट जितके लहान, तितका पदार्थाच्या प्रत्येक घासाला फिल्मचा स्पर्श जास्त. लहान मुलांसाठीचे पदार्थ अनेकदा अशाच छोट्या पुड्यांतून येतात, ही गोष्ट तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही.

प्रयोगशाळेत प्रत्येक रोल पाठवणे शक्य नसते. म्हणून आम्ही आमच्याकडे रोज करता येईल अशी बरणीची चाचणी बसवली. नवा रोल आला की वरचे काही वेढे काढून टाकायचे, त्याखालच्या फिल्मचे तळहाताएवढे दहा तुकडे कापायचे, ते गरम पाण्याने धुऊन वाळवलेल्या काचेच्या बरणीत घालून झाकण घट्ट लावायचे आणि बरणी ४० अंशांच्या कपाटात रात्रभर ठेवायची. शेजारी तशीच एक रिकामी बरणी. सकाळी, चहा-नाश्त्याच्या आधी, तिघांनी एकामागून एक झाकण किंचित सरकवून वास घ्यायचा आणि एकमेकांशी न बोलता शून्य ते चारमध्ये गुण लिहायचे. पॉलिथिनला स्वतःचा एक मंद, मेणासारखा वास असतो. तो ओळखायला आम्हाला महिना लागला. दोन जणांनी दोन किंवा त्याहून अधिक गुण लिहिले की रोल थांबतो. या चाचणीला कोणतेही महागडे यंत्र लागत नाही आणि गेल्या सहा वर्षांत तिने आमचे चार रोल अडवले आहेत. त्यांतल्या एकाच्या वासाला फिल्म कारणीभूत नव्हती. गोदामात तो फरशी पुसण्याच्या द्रवाच्या कॅनशेजारी आठवडाभर उभा होता आणि पॉलिथिनने तो सुगंध शोषून घेतला होता. आता रोल त्यांच्या मूळ वेष्टणात, जमिनीपासून उंच आणि उन्हापासून दूर, स्वतंत्र खोलीत असतात.

फिल्म निर्दोष असली तरी सील कच्चे असेल, तर सगळे व्यर्थ. आमच्या यंत्रावरचे ऑपरेटर काका तापमान वाढवून प्रश्न सोडवत. सील उघडले की जॉचे, म्हणजे पाकीट दाबून चिकटवणाऱ्या यंत्राच्या गरम जबड्यांचे, तापमान दहा अंश वर. सील तीन गोष्टींवर ठरते: जॉचे तापमान, दाब आणि जॉ बंद राहण्याचा वेळ. आतले पॉलिथिन साधारण ११० अंशांच्या आसपास वितळते आणि बाहेरचे पॉलिएस्टर २५० च्या आसपास, म्हणून बाहेरचा थर शाबूत राहून आतले दोन थर एकजीव होतात. तापमान फार वाढवले तर पॉलिथिन दाबाने बाजूला सरकून सीलची कड पातळ होते आणि पाकीट नेमके सीलच्या कडेला फाटते. एके दिवशी मी उघडलेले एक सील भिंगाखाली ठेवून काकांना दाखवले. पांढऱ्या, एकसारख्या पट्टीत मधोमध मिठाचे चार कण रुतलेले होते आणि प्रत्येक कणाभोवती नखाच्या टोकाएवढी न चिकटलेली जागा होती. दोन कणांमधल्या जागा एकमेकींना मिळून आतून बाहेरपर्यंत एक बारीक वाट तयार झाली होती. काकांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “तापमानाचा दोष नाही हा. मीठ खाली पडायला वेळ मिळत नाही, त्याआधीच जॉ मिटतात.” त्यांनी भरण्याचा वेग थोडा कमी केला आणि नळीच्या तोंडाशी उडणारी पूड ओढून घेणारी हवा बसवून घेतली. आता दर तासाला पाच पाकिटे पाण्यात बुडवून वरची हवा काढून घेतो आणि बुडबुडा दिसतो का ते पाहतो. सीलवरची गळती सापडत नसेल, तर आतून रंगीत पाणी सोडतो. ती वाट लगेच रेषेसारखी उमटते.

इतके शिकल्यावरही आमच्याकडून एक चूक झालीच. टोमॅटोचा सॉस पाऊचमध्ये भरायचे ठरले तेव्हा खरेदी विभागाने दाण्यांचीच फिल्म पुढे केली, कारण तिची सगळी कागदपत्रे उत्तम होती, आणि चाचणीची लहान खेप मला न विचारता भरली गेली. सॉस ८५ अंशांना भरला. दुसऱ्या दिवशी पाऊचच्या खालच्या घडीशी फिल्मवर बारीक फोड दिसू लागले. आठवड्याने ते फोड एकत्र होऊन बाहेरचा थर आतल्यापासून हाताने सोलता येऊ लागला. उष्णता आणि आम्ल यांच्यापुढे ते चिकटद्रव्य टिकणारे नव्हते आणि घोषणापत्रात भरण्याचे तापमान ३० अंश स्पष्ट लिहिलेले होते. तो कागद आम्हीच मागून घेतला होता. ती खेप बाहेर गेली नव्हती, हे आमचे नशीब. सॉससाठी पुढे गरम भरणीला आणि आंबट पदार्थाला चालणारे चिकटद्रव्य आणि त्या पदार्थाच्या नावाने वेगळे घोषणापत्र घेतले, आणि त्याची चाचणी ३ टक्के ॲसिटिक आम्लात करून घेतली.

व्हॅक्यूम पाऊचची मागणी आली तेव्हा मात्र मी ठाम नकार दिला. मागणी करणाऱ्यांना शिजवलेली, ओलसर आणि आंबट नसलेली भाजी व्हॅक्यूममध्ये भरून सामान्य तापमानाला ठेवायची होती. हवा काढली की पदार्थ टिकतो, हा समज फार पसरलेला आहे. प्राणवायू नसला की बुरशी आणि खवटपणा मागे पडतो हे खरे, पण क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूला नेमकी अशीच प्राणवायू नसलेली जागा हवी असते. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात, पदार्थाचा पीएच ४.६ पेक्षा जास्त (म्हणजे आंबटपणा कमी) आणि ओलावा पुरेसा असेल तर ते उगवतात, आणि त्यांचे विष जीवघेणे असते. पाऊच फुगेलच किंवा पदार्थाला वास येईलच असेही नाही. अशा पदार्थाला दाबाखाली १२१ अंशांची प्रक्रिया आणि ती सोसणारी फिल्म लागते, नाहीतर थंड साठवणुकीची अखंड साखळी. फिल्म कितीही चांगली असली तरी ती जिवाणू मारत नाही.

घरातल्या पातळ, ताणणाऱ्या फिल्मविषयी मला नातेवाईक नेहमी विचारतात. त्यांतली काही पीव्हीसीची असते आणि ती मऊ राहावी म्हणून तिच्यात प्लास्टिसायझर घातलेले असतात. ते चरबीयुक्त पदार्थांत आणि उष्णतेत अधिक उतरतात. म्हणून वेष्टणावरची सूचना वाचावी, चीज किंवा तेलकट पदार्थाला ती फिल्म चिकटू देऊ नये आणि मायक्रोवेव्हमध्ये झाकण म्हणून वापरायचीच झाली, तर पदार्थ आणि फिल्म यांच्यात अंतर ठेवावे.

गेल्या महिन्यात लॅमिनेट करणाऱ्या कारखान्याकडून एक पत्र आले. आमच्या करारात अशी अट आहे की शाई, चिकटद्रव्य किंवा फिल्मचा उत्पादक यांपैकी काहीही बदलायचे असेल, तर आधी कळवावे. त्याप्रमाणे चिकटद्रव्य बदलत असल्याचे त्यांनी कळवले होते आणि सोबत नव्या रचनेचे नमुने पाठवले होते. पत्राच्या दुसऱ्या पानावर, मी न मागता, तीन रकाने भरलेले होते: पदार्थ, तापमान, कालावधी. तेलकट पदार्थाच्या रकान्यात त्यांनी ‘चाचणी सुरू’ असे लिहिले आहे. आमच्याकडेही बरणीतले गुण शून्य आणि एक असेच आले आहेत. प्रयोगशाळेत नमुने खाद्यतेलात ४० अंशांना ठेवले आहेत, त्यांचा दहावा दिवस येत्या गुरुवारी भरतो. तोवर दाण्यांची भरणी जुन्या रोलवरच चालू राहील. शिल्लक तीन रोल आहेत आणि तेवढे पुरतात, हे मी आज सकाळी गोदामात जाऊन मोजून आले.